क्लोरीनसाहेबांचं पिंप

निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, हे काकूंना कधीच कळलं नाही. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ. त्यांच्या नवऱ्याला, क्लोरीनसाहेबांना, अशी तीन मिळाली, आणि चौथी भेट म्हणून त्यांच्या व्याह्यांनी एक पिंप आणलं.

पिंप पांढरं होतं, मांडीइतकं उंच. खाली तोटी, वर घट्ट झाकण, झाकणाला भोक आणि त्या भोकात बसवायची काचेची एक वाकडी नळी. पिंपाच्या पोटात मोड आणून भाजलेल्या जवाच्या पिशव्या, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वाळक्या फुलांचं पुडकं, यीस्टची पाकिटं आणि घरच्या घरी बिअर कशी करावी हे सांगणारी एक पातळ पुस्तिका. व्याह्यांचा छापखाना होता. पुस्तिका त्यांनी स्वतःच लिहून स्वतःच छापली होती, आणि शेवटच्या पानावर फोटोही त्यांचाच होता, हातात ग्लास घेतलेला.

"व्याहीबुवा, आता तुमचे हात रिकामे," व्याही सगळ्यांच्या देखत म्हणाले. "बिअर करा. मी बारा वर्षं करतोय. पण एक सांगून ठेवतो, याला हात मऊ लागतो. तुमच्या हाताने आजवर नुसते जंतूच मेलेत."

सगळे हसले. साहेबांची मुलगीही हसली. ती व्याह्यांची सून, तिला हसणं भागच होतं, पण साहेबांना ते लागलं. त्यांचे कान लाल झाले. काकूंनी ते पाहिलं आणि आता हा माणूस काहीतरी बोलणार हे ओळखलं.

"तीन महिन्यांनी, रविवारी, जेवायला या," साहेब म्हणाले. "आमच्या हातची पाजतो."

"शब्द?"

"शब्द."

व्याह्यांनी खिशातून डायरी काढून तारीख लिहून घेतली. छापखान्याचा माणूस तो, कागदावर उतरल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नसे.

साहेबांना क्लोरीनसाहेब हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ते पस्तीस वर्षं होते, त्यातली बरीचशी प्रमुख म्हणून. त्यांच्या कारकिर्दीत शहरातल्या कुठल्याही नळातून एकही जिवंत जंतू बाहेर आला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं ठरवायला जंतूंपैकी कुणी शिल्लक नव्हतं. पाहुणा म्हणून कुणाकडे गेले तरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघत. यजमानांना वाटे, पेल्याचं कौतुक चाललंय.

असा माणूस घरी बसला. पहिल्या आठवड्यात त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरातले डबे तारखेनुसार लावले. दुसऱ्या आठवड्यात ते शेगडीजवळ वही घेऊन उभे राहू लागले आणि दूध नेमकं किती अंशांवर उतू जातं याची नोंद करू लागले. तिसऱ्या आठवड्यात मात्र वही मिटली, आणि ते खिडकीत खुर्ची टाकून नुसतेच बसले. काकूंना डब्यांचा राग आला होता, दुधाचा आला होता, पण त्या खुर्चीची भीती वाटली. म्हणून साहेबांनी एका सकाळी उठून पिंप पुसायला घेतलं तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी हत्ती पाळायचा ठरवला असता, तरी त्या अंगण झाडून तयार राहिल्या असत्या.

दुसरा कुणी असता तर त्याने लगेच जव उकळायला ठेवला असता. साहेबांनी आधी नियम शोधला. नियम होता. घरी बिअर करायला परवाना लागत असे, आणि तो परवाना अबकारी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर मिळत असे, असं नियमात म्हटलं होतं. खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाला मात्र हे ठाऊक नव्हतं.

"बिअर विकायची आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग परवाना कशाला?"

"प्यायची आहे."

"पिण्याला परवाना लागत नाही."

"करण्याला लागतो. नियम एकोणीस बघा."

कारकुनाने नियम एकोणीस पाहिला आणि साहेबांकडे अशा नजरेनं बघितलं, की एवढी वर्षं हा नियम सुखाने झोपला होता, त्याला तुम्ही का उठवलंत. "आजवर कुणी मागितला नाही," तो म्हणाला. "सगळे तसेच करतात."

"मी तसेच करणाऱ्यांतला नाही," साहेब म्हणाले. बरोबर काकू होत्या. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या पिशवीतून विणकाम काढलं, कारण अशा वाक्यानंतर किती वेळ लागतो हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

अर्ज सापडला. तो तीन प्रतींत भरायचा होता. त्यासोबत वापरायच्या पाण्याचा शुद्धतेचा दाखला हवा होता, आणि तो दाखला देणारी कचेरी म्हणजे साहेबांचीच प्रयोगशाळा. साहेब इतके खुलले, की त्यांनी त्याच दिवशी नवा शर्ट घातला. आपल्या जुन्या खुर्चीत आता कोण बसलंय ते ते विसरले होते. तिथे त्यांनी स्वतः घडवलेल्या चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या.

"या सर," बाई उठून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली. चहा मागवला. मग नमुन्याची बाटली हातात घेतली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "सर, बाटली काठोकाठ भरली आहे. वर दोन बोटं जागा हवी."

"अहो, घाईत राहिलं."

"परिपत्रक आहे सर. तुमच्याच सहीचं." आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत, काचेखाली, साहेबांची सही होती.

साहेब घरी आले. दुसऱ्या दिवशी वर दोन बोटं जागा सोडून बाटली नेली. बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली होती म्हणून तीही परत आली. तिसऱ्या खेपेला शाईने लिहिली, दोरा नियमाप्रमाणे बांधला, आणि बाटली स्वतःच्या हाताने अशी धुतली की तशी बाटली त्या प्रयोगशाळेने पाहिली नसेल. नमुना नापास झाला. कारण, क्लोरीनचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त.

"सर," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बाटली कशाने धुतलीत?"

साहेबांनी बाटली पिशवीत घातली. त्या दुपारी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र काकूंनी भांडी घासताना ऐकलं, साहेब खालच्या टेलरमास्तरांना जिन्यात सांगत होते, "माझ्या बाटलीला नापास केलं बाईने. माझ्या. अशी माणसं तयार केली आहेत मी." आवाजात एवढा अभिमान होता, की मास्तरांना वाटलं बाई त्यांची मुलगी असावी.

चौथा नमुना काकूंनी भरला. तो पास झाला.

परवाना हातात येईपर्यंत तीनातला दीड महिना गेला होता. आता पुस्तिका उघडली. व्याह्यांनी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: स्वच्छता हा बिअरचा प्राण आहे, भांडी निर्जंतुक केल्याशिवाय पुढे जाऊ नका. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, तिच्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "माणूस वाटतो तेवढा मूर्ख नाही." पुढची पानंही त्यांनी वाचली, पण ज्या माणसाला पहिल्याच पानावर आपलं सगळं आयुष्य सापडलं, तो पुढची पानं कितीशी मनावर घेणार.

त्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा साहेबांकडे होता. जव कोमट पाण्यात मुरला, गाळला गेला, हॉप्सची फुलं घालून तासभर उकळला. सगळ्या इमारतीत कडवट, गोडसर वास पसरला. खालचे टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून वर आले आणि उकळी जरा मोठी ठेवा म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली आल्या आणि उकळी बारीक ठेवा म्हणाल्या. नर्सबाईंनी तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती, त्यामुळे त्यांचा सल्ला कशाबद्दलही असला तरी तो सगळ्यांना थोडा गंभीर वाटे. साहेबांनी दोघांचंही ऐकून उकळी होती तशीच ठेवली. काढा गार झाला, पिंपात गेला, वर यीस्ट पडलं, झाकण लागलं, वाकड्या नळीत पाणी भरलं. आता आत यीस्ट साखर खाणार, वायू सोडणार, आणि तो वायू नळीतल्या पाण्यातून डुबुक डुबुक करत बाहेर येणार, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

नळी गप्प राहिली.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. साहेब रोज सकाळी सात वाजता अंघोळ करून पिंपाशी जात, झाकण उघडत, चमचाभर काढा परीक्षानळीत घेत आणि त्यात काहीतरी टाकून उजेडात धरत. मग कपाटातली तपकिरी बाटली काढून पिंपात थेंब मोजत. वहीत नोंद होई. काकूंना वाटलं, पुस्तिकेतच असेल तसं. पाचव्या दिवशी पिंप जसंच्या तसं होतं, फक्त त्याचा वास शाळेच्या धुतलेल्या फरशीसारखा येऊ लागला होता.

नर्सबाईंना बोलावणं गेलं. त्या स्टेथोस्कोप घेऊन आल्या. जुनी सवय, निवृत्तीनंतरही तो त्यांच्या पर्समध्ये असे. त्यांनी पिंपाच्या पोटावर तीन ठिकाणी लावून ऐकलं. साहेब भिंतीला टेकून उभे होते, वॉर्डाबाहेर पुरुष उभे राहतात तसे.

"ठोके नाहीत," नर्सबाई म्हणाल्या.

"थंडीने?" टेलरमास्तरांनी विचारलं. तेही आले होतेच.

"थंडीने मंद होतात. हे गेलेलं आहे." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "काय काय दिलंत याला?"

"काही नाही. नेहमीचंच. रोज सकाळी शिल्लक क्लोरीन तपासायचा. नमुना निळा झाला पाहिजे. होत नव्हता. हा जव सगळा क्लोरीन खाऊन टाकतो. मग निळा होईपर्यंत मात्रा वाढवली."

नर्सबाईंनी स्टेथोस्कोप कानातून काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि काकूंना दाराशी नेऊन म्हणाल्या, "काकू, यीस्ट म्हणजे जीवच असतो हो. यांनी त्याला रोज सकाळी सातला विष पाजलंय."

काकूंनी साहेबांना सांगून पाहिलं. फार जपून, कारण साहेबांशी क्लोरीनबद्दल बोलणं म्हणजे देवभोळ्या माणसाशी देवाबद्दल बोलणं.

"अहो, या खेपेला ते थेंब नाही घातले तर?"

"आणि जंतू झाले तर?"

"तेच व्हायला हवेत ना पण?"

"हवे ते होतील, की नको ते होतील, कुणी सांगावं? व्याह्यांना जुलाब झाले तर शहरभर नाव होईल. पाणीवाल्याच्या घरी पाहुणे आजारी पडले." ते खिडकीकडे गेले. खुर्ची तिथेच होती. "मात्रा चुकली असेल माझी," ते म्हणाले. "मात्रा मात्र चुकत नाही कधी." आणि बसले.

त्या खुर्चीत बसताना त्यांनी पाठ टेकली नाही. काकूंनी तेवढंच पाहिलं आणि ठरवलं. दुसऱ्या दिवशी साहेब नवा जव आणायला गेले, तेव्हा त्यांनी कपाटातली तपकिरी बाटली मोरीत रिकामी केली, सात वेळा विसळली आणि उकळून गार केलेलं साधं पाणी तिच्यात भरून होती तिथे ठेवली. लेबल तेच, बूच तेच, थेंब पाडायची नळीही तीच. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापासून लपवलेली ही दुसरी गोष्ट होती. पहिली कुठली, ते इथे सांगायचं कारण नाही.

दुसरं पिंप भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साहेब अंघोळ करून आले, झाकण उघडलं, नमुना उजेडात धरला, थेंब टाकले, परत उजेडात धरला. काकू कणीक मळत होत्या. मळता मळता त्यांचे हात थांबले होते. साहेब बराच वेळ त्या परीक्षानळीकडे बघत राहिले. मग त्यांनी तपकिरी बाटली उचलून तिचं बूच नाकाशी नेलं, बाटली जागेवर ठेवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि झाकण लावलं.

"कसं आहे?" काकूंनी विचारलं.

"नियमित," साहेब म्हणाले.

त्या दुपारी नळी पहिल्यांदा बोलली. डुबुक. काकू आतल्या खोलीतून आल्या, साहेब खिडकीतून आले, आणि दोघं पिंपासमोर उभी राहिली. बराच वेळ काही नाही. मग परत, डुबुक. संध्याकाळपर्यंत पिंप एकसारखं बोलू लागलं. नर्सबाई येऊन ठोके मोजून गेल्या. मिनिटाला चोवीस, म्हणाल्या, वाढतील. साहेबांनी खुर्ची खिडकीतून उचलून पिंपाजवळ ठेवली.

ठोके वाढले. फार वाढले. साहेबांनी पिंप काठोकाठ भरलं होतं. नमुन्याच्या बाटलीला दोन बोटं जागा ठेवायला सांगणारं परिपत्रक याच माणसाने काढलं होतं, पण टाकी म्हटली की ती भरलीच पाहिजे, हा त्यांचा दुसरा आणि जुना नियम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फेस नळीतून वर आला, मग नळी उडाली, मग फेसाची एक जाड, तपकिरी वळी पिंपावरून उतरून फरशीवरून चालत भिंतीपाशी गेली, आणि तिथल्या फटीतून टेलरमास्तरांकडे.

खाली मास्तर एका वकिलांना काळा कोट घालून बघत होते. वकिलांना अकरा वाजता कोर्टात उभं राहायचं होतं, आणि मास्तर खांद्यावर शेवटचा टाका घालत होते. छतातून पहिला थेंब पडला तो बरोबर त्या टाक्यावर. वकिलांनी वर पाहिलं, आणि दुसरा थेंब कॉलरमध्ये गेला.

मास्तर वर आले तेव्हा साहेब टॉवेल घेऊन जमिनीवर बसले होते.

"साहेब, माझं गिऱ्हाईक बिअरचा वास घेऊन कोर्टात गेलंय."

"क्षमा करा मास्तर. जिवंत आहे, त्याचं हे लक्षण आहे."

"ते जिवंत आहे हो, मी मेलो." पण मास्तर भला माणूस. त्यांनीही एक टॉवेल उचलला, आणि मग बसल्या बसल्या सल्ला दिला, की पिंपाचा गळा जरा सैल ठेवायला हवा होता. "कपड्याला मी नेहमी दोन बोटं सैल ठेवतो," ते म्हणाले. साहेबांनी मान खाली घातली. वकील त्या दिवशी खटला जिंकले, असं नंतर कळलं. समोरच्या वकिलांनी म्हणे त्यांच्या जवळ येऊन काही दाखवायचं टाळलं.

दोन आठवड्यांनी नळी शांत झाली, आणि बिअर बाटल्यांत भरायची वेळ आली. प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालायची, म्हणजे उरलेलं यीस्ट ती खाऊन बिअरला फेस आणतं. जेमतेम चमचाभर, असं पुस्तिकेत होतं. बाटल्या चोवीस होत्या, जेवणाच्या टेबलावर एका ओळीत. साहेब डावीकडून साखर घालत आले. मदतीला नर्सबाई होत्या, त्या उजवीकडून घालत गेल्या. दोघंही कामसू माणसं. कुठे थांबायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. साहेब टेबलाच्या उजव्या टोकाकडे बरेच पुढे गेले, आणि नर्सबाई डाव्या टोकाकडे. मधल्या बाटल्यांना दोघांचाही लाभ झाला. शिवाय नर्सबाईंचा चमचा वॉर्डातला होता, भरपूर.

बाटल्या पलंगाखाली ठेवल्या. नऊ दिवस शांततेत गेले. दहाव्या दिवशी दुपारी, साहेब त्याच पलंगावर वामकुक्षी घेत असताना, खालून पहिली बाटली उडाली. साहेब उठून बसतात तोच दुसरी, मग तिसरी. काकू धावत आल्या तेव्हा साहेब पलंगावर उभे होते, एका हातात उशी ढालीसारखी धरून.

"उतरू नका, काचा आहेत," काकू म्हणाल्या.

"उतरतोय कोण?"

टेलरमास्तर जिना चढून येईपर्यंत पाच झाल्या होत्या. "थांबा, मी काढतो बाकीच्या," म्हणून ते दारापर्यंत आले, सहावी उडाली, आणि ते दारातच थांबले. तिघंजण तासभर तसेच राहिले, साहेब पलंगावर, काकू स्वयंपाकघराच्या दारात, मास्तर बाहेरच्या. एकेक बाटली गेली की साहेब मोठ्याने आकडा म्हणत. तेरा म्हटल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मास्तरांनी चौकटीआडून शिवणाच्या पट्टीने उरलेल्या बाटल्या एकेक करून बाहेर ओढल्या.

अकरा उरल्या. व्याह्यांच्या डायरीतला रविवार पाच दिवसांवर आला होता.

ते पाच दिवस साहेबांनी वही उघडली नाही. उरलेल्या बाटल्या बाल्कनीत, ओल्या गोणपाटाखाली होत्या. ते तिथे जाऊन बसत आणि परत येत. शनिवारी काकूंनी विचारलं, "एक उघडून बघू या का?"

"नको."

"अहो, पण कशी झालीये ते कळायला नको?"

"कळलं तर मग आजच कळेल," साहेब म्हणाले, आणि काकूंना त्या वाक्याचा अर्थ पुरेपूर लागला. एक दिवस आणखी आशा ठेवायची होती त्यांना.

रविवारी बारा वाजता व्याही आले. विहीणबाई, जावई आणि मुलगी बरोबर होती. व्याह्यांनी आल्या आल्या हॉलमध्ये नाक वर करून वास घेतला, भिंतीजवळचा डाग पाहिला आणि काही न बोलता हसले. खबर त्यांच्यापर्यंत पोचली होती हे उघड होतं. मुलगी मधल्या मध्ये तीनदा म्हणाली, "बाबा, नाही झाली तरी काय बिघडतं." एखाद्याचं मन मोडायला तीनदा पुरतं.

साहेबांनी पहिली बाटली उघडली. एक उसासा आला, फार मोठा नाही, मोजका. ग्लास भरला. वर दोन बोटं फेस, खाली मधासारखा रंग. व्याह्यांनी ग्लास उजेडात धरला. साहेबांचीच लकब ती. घोट घेतला. परत घेतला. मग ग्लास टेबलावर ठेवला.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "ही माझ्यापेक्षा चांगली झालीये."

मुलीने बापाकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात काकूंनी पदराला हात पुसले, हात कोरडेच होते तरी.

"गंमत नाही करत," व्याही म्हणाले. "बारा वर्षांत माझी अशी स्वच्छ लागली नाही. काय केलंत? सांगाच. पुढच्या आवृत्तीत तुमच्या नावाने छापतो."

ज्या वाक्यासाठी माणूस तीन महिने झुरला, ते वाक्य टेबलावर येऊन बसलं होतं. साहेबांनी फक्त होकार द्यायचा होता. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ते उभे राहिले, वरिष्ठांसमोर अहवाल द्यायला उभं राहावं तसे.

"ही मी केलेली नाही," ते म्हणाले. "हिने केली आहे."

काकूंनी हातातला पदर सोडला.

"मी रोज पिंपात क्लोरीन घालत होतो. क्लोरीनमध्ये यीस्ट जगत नाही. पहिलं पिंप त्यानेच मेलं. दुसऱ्या पिंपात पहिल्याच सकाळी वीस थेंब घातले, नमुना निळा झाला नाही. बूच हुंगलं, वास नाही. बाटलीवर लिहिलंय ते बाटलीत नाही, हे मला तेव्हाच कळलं. कपाटाला हात लावणारी या घरात दोनच माणसं."

"कळलं होतं?" काकू दारातून म्हणाल्या. "मग बोलला का नाहीत?"

"दुपारी नळी डुबुक म्हणाली," साहेब म्हणाले. "म्हटलं, विचारलं तर तू घाबरून परत खरं औषध भरशील. रोज तुझं पाणीच मोजून घातलं. वीस थेंब. नोंद आहे वहीत."

"मी काय केलं हो, साधं पाणी तर भरलं. जव तुम्ही उकळलात, गाळलात..."

"जंतू मरतात कसे ते मला येतं. जगवायचे कसे ते पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही." ते व्याह्यांकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "त्यामुळे एक अडचण आहे. परवाना माझ्या नावावर आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय, परवानाधारकाने स्वतः करावी. ही हिने केली. म्हणजे ही बिअर बेकायदेशीर ठरते. कृपया ग्लास खाली ठेवा."

ग्लास खालीच होता. व्याह्यांनी तो उचलला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग ग्लासात. हा माणूस थट्टा करणार असं काकूंना वाटलं, आणि त्यांनी मनातल्या मनात त्याला काय सुनवायचं तेही ठरवलं.

"बेकायदेशीर माल घरात ठेवू नये, व्याहीबुवा," व्याही गंभीरपणे म्हणाले. "लवकर संपवला पाहिजे."

आणि ग्लास रिकामा केला. मुलगी हसली. या खेपेला ती बापाच्या बाजूने हसली हे साहेबांनाही कळलं असावं, कारण ते खाली बसले, आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

मग वर नर्सबाईंना हाक गेली आणि खाली मास्तरांना. मास्तर म्हणाले, माझ्याकडे ही आधीच येऊन गेलीये, थेट छतातून, पण ग्लासातून जास्त बरी लागते. नर्सबाईंनी अर्धाच ग्लास घेतला आणि बाळ अंगाने चांगलं भरलंय म्हणाल्या. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि हे कशासाठी पितात ते कुणीतरी समजावून सांगावं म्हणाल्या. समजावून सांगायला चौघं पुढे आले, त्यात दुपार गेली.

जाताना व्याही चप्पल घालता घालता म्हणाले, "पुढच्या रविवारी येऊ का परत?"

पस्तीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय शहरात पाणी सुटलं नाही, तो माणूस मागे वळला आणि म्हणाला, "थांबा, आमच्या प्रमुखांना विचारतो."

काकू टेबल पुसत होत्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला. उद्या नव्या नावाचा अर्ज, मग नमुना, मग पिंपात दोन आठवडे, बाटलीत दोन.

"सहा आठवड्यांनी या," त्या म्हणाल्या. "त्याआधी कच्ची लागेल. आणि अहो, उद्या खिडकीवर तुम्ही काही बोलू नका. मी बोलेन."

"बरं," साहेब म्हणाले.